म्हातारीच्या तोंडातला मणी

दादाला गेममध्ये उपाशी मारायचं, एवढ्याच हेतूनं मी तो मॉड करायला घेतला. गेम असा, की जग बुडालंय, मुडदे उठून रस्त्यानं फिरतायत आणि आपण ओसाड घरं धुंडाळून जगायचं. पण कुठल्याही घरात शिरा, कपाटात बंदूक आणि फ्रीजमध्ये डबाबंद मटण ठेवलेलंच! असं कुणीही जगेल. उसाचा हंगाम सरला की दादाच्या ट्रॅक्टरला काम नसायचं आणि दादाला लाज नसायची. कोल्हारच्या आमच्या पुढच्या खोलीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून तो म्हणायचा, "आपन काय मरत न्हाई गड्या."

थांब म्हटलं, मारतोच तुला.

गेमच्या फायली उघडून कुठं काय सापडावं ते बदलता येतं, त्यालाच मॉड म्हणतात. मी ठरवलं, आपल्याकडच्या घरात जे असतं तेच ठेवायचं. बंदुका काढून टाकल्या. फ्रीजमध्ये बुरशी आलेली कणीक ठेवली. कोठीत बाजरी ठेवली, पण लाईट नाही, गिरणी बंद, दळणार कशावर? दादानं कच्ची बाजरी खाल्ली आणि हगवण लागून मेला. मी पोट धरधरून हसलो.

आईला हे लई आवडलं. तांदूळ निवडायचं ताट घेऊन ती माझ्या खुर्चीमागं बसायला लागली. "मीठ कुटंय रं मुडद्या? बिगरमिठाचं घर असतं व्हय?" औषधं कपाटात नाही, खिळ्याला कॅरीबॅगेत अडकवलेली असतात, हे तिनंच सांगितलं. बाई अशी सुटली की थांबेना.

"आणि सोनं कुठं ठेवू?" मी विचारलं.

"कपाटात ठिवशील तर येडाच. गोधडीत ठिव, टाके घालून. आन मेलेली म्हातारी घावली तर तिचं तोंड बगाय लाव. मनी असतोच."

मग आवाज खाली करून तिनं बाकीचं सांगितलं. आमचा बाप गेला तेव्हा त्याच्या तोंडात तुळशीपत्राबरोबर ठेवायला घरात गुंजभर सोनं नव्हतं, सगळं दवाखान्यानं खाल्लेलं. शेजारणीनं आपला एक मणी दिला आणि पुढं नळावर, लग्नात, जिथं माणसं जमतील तिथं ऐकवलं, "हिच्या मालकाच्या तोंडात माजं सोनं गेलंय." आईनं लोकांच्या रानात खुरपून एक मणी केला आणि स्वतःच्या गोधडीच्या कोपऱ्यात शिवला. "माज्या तोंडासाटी. मेल्यावर तरी कुनाचं ऐकायला नको. दादाला बोलू नको बरं का."

मी बोललो नाही. मी फायलीत लिहिलं: गोधडीत मणी, मेलेल्या म्हातारीच्या तोंडात मणी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात त्या अशा.

दादानं गेममध्ये जखमेला बांधायच्या पट्ट्या करायला गोधडी फाडली आणि मणी पडला. "आयला! गोधडीत सोनं?"

"खरं असतंच तसं," मी छाती फुगवून म्हणालो. त्यानं तो मणी स्क्रीनवर फिरवून फिरवून बघितला. मला वाटलं, मॉडचं कौतुक करतोय.

चार दिवसांनी आईनं गोधड्या उन्हात टाकल्या. तिचा हात सवयीनं कोपऱ्यावर गेला आणि तिथंच राहिला. कोपरा ब्लेडनं कापलेला होता. आत दादाच्या डोक्यावर नवे हेडफोन होते, लाल दिव्यांचे. मुडद्यांची पावलं त्यातून लांबूनच ऐकू येतात म्हणे. आई मागून हाका मारत होती, त्या काही त्याला ऐकू येत नव्हत्या.

मी ते हेडफोन उपसून काढले. मला त्याचा जीव घ्यावासा वाटला, खरंच सांगतो. तो म्हणाला, "तूच दावलंस की गेममदी. आन राखंतच जानार हुतं ना? मेल्यावर काय चव लागती व्हय सोन्याची?" उचलली जीभ लावली टाळ्याला, तेही आईच्या तोंडावर. मी आईबहिणीवरून शिव्या दिल्या, तर आईच म्हणाली, "शेजारनीला ऐकू जाईल, हळू." आणि सुई घेऊन तिनं तो रिकामा कोपरा शिवून टाकला.

संध्याकाळी ती माझ्या खुर्चीमागं येऊन बसली. ताट नव्हतं.

"ती गेममदली मेलेली म्हातारी हाय ना?"

"हाय."

"तिच्या तोंडातला मनी काढ."

"आई, राहू दे गं तो तरी."

"तुला समदं खरं पायजे ना? मग काढ."

मी काढला.

दुसऱ्या दिवशी दादा हेडफोन घालून ओरडला, त्याला स्वतःचा आवाज कळतच नाही, "म्हाताऱ्यांच्या तोंडात कायबी घावंना रं! बिगडलं वाटतं तुजं!"

आई आत भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "न्हाई बिगडलं. आता बराबर झालंय."

तो पुढच्या म्हातारीचं तोंड उघडत होता.