समोरचं घर

कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा आम्ही अकोटला राहत होतो. माझा बाप विणकर. सगळा कापूस साहेबाच्या मुलखात जाऊ लागला, सूत मिळेनासं झालं आणि बापाचा माग थांबला. समोरचं घर काळ्या जमिनीच्या शेतकऱ्याचं. त्यांनी ज्वारीच्या जागीही कापूस पेरला आणि बैलांच्या शिंगांना चांदी चढवली. ज्वारी महागली. आम्ही अंबाडीची भाजी उकडून दिवस काढू लागलो.

माझी धाकटी बहीण सहा वर्षांची होती. समोरची मुलगी तिच्याच वयाची, दोघी दिवसभर एकत्र.

पोळ्याच्या दिवशी समोरची बाई बैलांना पुरणपोळी चारत होती. बहीण टक लावून बघत उभी राहिली. बाई हसून म्हणाली, "काहून पाहून राहिली वं अशी? बैलाचं होऊ दे, उरली तं भेटन तुले."

"मले नोको. आमच्या घरी बी पुरण शिजून राहिलं."

हे ऐकताच तिची मैत्रीण धावत आमच्या घरात शिरली. तिनं चुलीवरच्या गाडग्यात डोकावून पाहिलं आणि दारात येऊन ओरडली, "अंबाडी हाय! नुसती अंबाडी!"

सगळी आळी हसली. मोठी माणसंसुद्धा. आणि मी, अकरा वर्षांच्या शहाणीनं, बहिणीच्या थोबाडीत मारली. "खोटं काहून बोलली?" ती रडली नाही.

त्या दिवसापासून ती घराबाहेर पडेना. अंथरूण ओलं करू लागली. कोपऱ्यात बसून स्वतःचे केस उपटायची. माय देवीला नवस बोलली. मीठमिरच्या उतरवून म्हणायची, "पोरीले नजर लागली." आमच्याकडे नजर लागण्यासारखं काय होतं, हे मी विचारलं नाही.

पुढे बाप आम्हाला घेऊन आगगाडीच्या रस्त्याच्या मातीकामावर अकोल्याकडे गेला. तिथेही पोट भरत नव्हतं. पण सगळ्या झोपड्या सारख्या, सगळ्यांच्या गाडग्यात तेच. महिन्याभरात बहीण पोरींच्या मागे धावू लागली, खिदळू लागली. मायला वाटलं, आपला नवस फळला. मला वाटलं, इथे समोर कुणाचं घर नाही.

कापसाचा भाव पडला तेव्हा आम्ही अकोटला परतलो. समोरच्यांची चांदी विकली गेली होती. ती मुलगी लाजत दारात आली. "खेळाले येतं का वं?"

बहिणीनं मायकडे पाहिलं. "कोन हाय हे? मी नाई वळखत."

मुलगी डोळे पुसत गेली. माय बहिणीवर ओरडली. समोरच्या पोरीचा दोष तो काय, तीही लहानच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मला बरं वाटलं. त्याची लाज वाटायला हवी, पण आज म्हातारपणीही ती पुरती वाटत नाही.