रंग बदलायचा तर अयोध्याला विचारा

लातूरच्या वैजनाथ सरांच्या क्लासची वेबसाइट अयोध्या नांदेडात घरी बसून सांभाळायची. क्लासची रीत अशी, की दर परीक्षेनंतर मार्कांवरून बॅचेस नव्यानं पाडायच्या आणि त्यांचे रंगही नव्यानं ठरवायचे. अंगावरच्या टी-शर्टचा जो रंग, तोच मुलाच्या मोबाइलवरच्या पानाचा.

"रंग आमच्या आम्हाला बदलता आला पाहिजे, मॅडम," सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

ते अवघड नव्हतं. पानाची रंगरंगोटी लिहितात त्या सीएसएसमध्येच रंगाला नाव देता येतं. असं नाव, म्हणजे व्हेरिएबल, पानासोबत जिवंत राहतं. त्यामागचा रंग कधीही बदलावा. अयोध्यानं मात्र सॅस या सीएसएस तयार करून देणाऱ्या साधनातली व्हेरिएबल घेतली. तिथंही नावंच, पण फाइल तयार होताना ती विरघळतात आणि पक्के रंग तेवढे उरतात. बदल करायचा तर फाइल पुन्हा तिच्याच लॅपटॉपवर तयार करायची.

"खेड्यातल्या पालकांचे फोन जुने असतात, सर. नव्या पद्धतीचे रंग त्यांना दिसायचे नाहीत."

हे अगदीच खोटं नव्हतं. पण सरांना रंग बदलता आला, तर ते आपल्याला फोन कशाला करतील, ही धास्ती जास्त खरी होती. परीक्षा झाली की फोन यायचा आणि तिच्या सासूबाई, कावेरीबाई, शेजारणीला ऐकवायच्या, "लातूरचा हाय. हिच्याबिगर त्यायचं चालत न्हाई."

नणंदेच्या मुलीच्या लग्नासाठी बिलोलीला निघताना त्याच कावेरीबाईंनी लॅपटॉप पिशवीतून काढून ठेवला. "लग्नघरात पेटी उघडून बसतीस का? पाव्हणे हसतील."

ऐन हळदीत सरांचा फोन आला. त्यांनी जांभळी बॅच नवी काढली होती.

"नांदेडला पोचले की करते, सर."

ती पोचायच्या आत मुलांनी पानं उघडली. जांभळ्या बॅचला रंगाची फाइलच नव्हती. पांढऱ्यावर काळी, उघडीबोडकी अक्षरं. लेकराचं नाव क्लासातून कापलं असं समजून पालक क्लासच्या दारात जमले. एका मुलीनं तर हॉस्टेलवर सामान भरायला घेतलं.

घरी आल्यावर अयोध्यानं जेवणखाण सोडून सगळं सीएसएसच्या व्हेरिएबलवर आणलं आणि सरांना फोन लावला.

"राहू द्या, मॅडम. उदगीरच्या एकानं करून दिलं. आता मीच रंग बदलून राहिलो. लई सोपं हाय की." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं का?"

"न्हाई, सर."

फोन ठेवला, तर दारात तिचा नवरा शिवशंकर उभा.

"येत नव्हतं तर काम घ्यायचं कशाला? लोकाच्या लेकरांचे हाल."

येत होतं, हे तिला त्यालाही सांगता येईना. आतून कावेरीबाईंनी विचारलं, "लातूरचा होता का गं?"

"हाव," अयोध्या म्हणाली आणि कणीक काढायला उठली.