बायकांच्या बाजूचा दिवा

माझ्या नाती आता दार लावून आत जातात आणि आतूनच फोनवर गप्पा हाणतात. माझ्या सासरी, वालूरच्या अलीकडच्या गावात, तेव्हा असलं दार कोणाच्याच घरी नव्हतं. परसाकडं जायच्या दोन बाजू ठरलेल्या होत्या: ओढ्याची बाप्यांची, बाभळबनाची बायकांची. दिवेलागण झाली की आम्ही टमरेलं घेऊन घोळक्यानं निघायचो. चावडीवर बापे विद्यापीठाच्या नामांतरावरून एकमेकांचे गळे धरायचे. गावाचा खरा कारभार मात्र बाभळबनात बसून चालायचा.

मावशीला दोन्ही बाजू बंद होत्या. मावशी म्हणजे देवीच्या देवळामागं राहणारी आराधी. जन्मली पोरगा म्हणून, वयात येता येता लुगडं नेसली आणि मग कोणाच्या बापाचं ऐकलं नाही. आता पेपरात तृतीयपंथी असं लिहितात; तेव्हा गावात जे शब्द होते ते लिहिण्यासारखे नाहीत. नवरात्रात तिच्या गाण्यावाचून आमचं पान हलायचं नाही. पण ती ओढ्याकडं गेली की पोरं तिचं टमरेल पळवायची, लुगडं ओढायची. बाभळबनाकडं आली की अंधारात आम्हीच बोंबलायचो, "बाप्या आला गं!" मग ती लांब ज्वारीच्या रानात एकटी जायची. एका संध्याकाळी पोरं तिथंही मागं गेली. मावशी डोकं फोडून घेऊन आली ती थेट माझ्या दारात.

कारण मी मेंबर होते. बायकांच्या राखीव जागेवर नुकतीच निवडून आले होते. म्हणजे अर्ज मालकांनी भरला, हात जोडत गावभर मालकच फिरले, आणि हार तेवढा माझ्या गळ्यात पडला. बैठकीत मला काही विचारलं की उत्तरही मालकच द्यायचे. पण माझा तोरा बघायला हवा होता! परभणीहून काळी चकचकीत पर्स आणवली होती. आत एक रुमाल आणि सुपारी. त्या पर्सवर हात ठेवून मी मावशीला म्हणाले, "विषय मांडते."

"विषय ऱ्हाऊ दे मेंबरीणबाई," कपाळावर हळद दाबत ती म्हणाली. "सांजच्याला जीव मुठीत न धरता बसता येईल एवढी जागा दे. दुसरं काय बी मागत न्हाई."

मी डोकं चालवलं. पोरं माजतात ती अंधारामुळं, आणि बायका मावशीला बाप्या समजतात तेही अंधारामुळंच. म्हणजे उजेड पाडला की दोन्ही प्रश्न मिटले. तालुक्याच्या शिबिरात एक साहेब म्हणालेच होते, विकास म्हणजे दिवा. झालं! पुढच्या बैठकीत मी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि बाभळबनात दिव्याचा खांब मागितला. बाई बोलली याचाच सरपंचांना एवढा धक्का बसला की ते मंजूर करून मोकळे झाले.

खांब आला, दिवा लागला. लख्ख! त्या संध्याकाळी आम्ही घोळक्यानं गेलो आणि लग्नात फोटोला उभ्या राहतात तशा नुसत्या उभ्या राहिलो. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीवानाला कोण कोणाची सून हे सांगता यावं असा उजेड. खाली बसायची एकीचीही टाप नव्हती.

"आत्याबाई, तुमी जरा त्या झुडपाआड बसा ना," मी सासूबाईंना म्हणाले.

"मेंबरीण झालीस म्हणून सासूचा तमाशा मांडायलीस व्हय गं? कुठं बसू, तुझ्या पर्समंदी?"

दोन-चार दिवसांत गावातल्या निम्म्या बायकांची पोटं धरून धरून दुखायला लागली. मावशीचं डोकं अजून दुखत होतं, तरी तिला हसू आवरेना. "मी जागा मागितली, तर तू बायांचीबी काढून घेतलीस की माय!"

मग एका संध्याकाळी आम्ही तशाच अवघडून उभ्या असताना खळ्ळकन आवाज झाला. मावशीनं लहानपणी रानातल्या माळ्यावर उभं राहून ज्वारीची पाखरं हाकलली होती. गोफणीचा नेम अजून शाबूत होता. दिवा फुटला आणि आम्ही सगळ्या एका दमात खाली बसलो. मावशी गोफण गुंडाळून ज्वारीकडं वळली, तर अंधारातून सासूबाईंचा आवाज आला, "तिकडं कुठं मरायला निघालीस? बस इथंच."

ती बसली. पण गोफण फिरवताना तिला कोणीतरी पाहिलं होतं. ग्रामसभेत सरपंच गरजले, "सरकारी दिवा फोडलाय. तिनं देवळामागची खोली सोडावी अन् गावबी सोडावं." मावशी बाहेर पायरीवर मान खाली घालून बसली होती. जागा मागायला आली होती, आता राहती जागाही चालली होती.

मी उठायला लागले तसं मालकांनी कोपर मारलं. "गप बस." मी उठलेच. मनाशी 'महिलांची गैरसोय' असं छान वाक्य घोकलं होतं. भर सभेत ते पळालं आणि तोंडून निघालं, "दिव्याखाली हागायचं कसं, ते सांगा आधी!"

मालकांनी टोपी डोळ्यांवर ओढली. ग्रामसेवकाचं पेन थांबलं. "हे कोणत्या विषयाखाली घेऊ बाई? आरोग्य का दिवाबत्ती?"

"कशाखालीबी घ्या. आमाला दिवा नको. सांजच्याला बाभळबनाकडं एकबी बाप्या नको. मावशीच्या वाटंला जाईल त्याला पंचायतीनं दंड करावा. अन् मावशी आमच्या बाजूला येईल. ल्हिवा!"

"अहो, पण बायांच्या बाजूला बाईनंच जावं," सरपंच म्हणाले. "ती बाई हाय का?"

सासूबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "तुझ्या बायकूला इचार की. काल दोघी शेजारी शेजारी बसल्या व्हत्या. तुझीच गाऱ्हाणी चालली व्हती."

सरपंचीणबाईंनी तोंडात पदर कोंबला. सभा अशी हसली की हात वर करून मोजायची वेळच आली नाही. ठराव दिवाबत्तीखाली मंजूर झाला.

त्याच दिवशी सांजेला मावशी भर रस्त्यानं आली. पारावर तीच पोरं बसली होती. त्यांच्यासमोरून हातात टमरेल हलवत, सावकाश. माझ्या दाराशी थांबून तिनं गाण्याच्या आवाजात हाक मारली, "चला मेंबरीणबाई!"

मी तोऱ्यात बाहेर आले. तिनं मला वरून खाली पाहिलं.

"पर्स ठेव गं बया," ती म्हणाली, "टमरेल घे."