तेराव्या नंबरची खुर्ची

आमच्या दवाखान्याच्या नर्सिंग शाळेतल्या कारकुनांना सगळे नियमकाका म्हणतात. शिंक आली तरी आधी परिपत्रक बघतील असा माणूस! टेबलावर पट्टी, पेन, टाचण्या सगळं रांगेत. कुणी एक टाचणी हलवली तरी यांचा जीव वर-खाली.

मी तिथली आया. यंदा माझ्या लेकीनं प्रवेशाचा अर्ज भरला. जागा दहा, त्यातली एक कामगारांच्या मुलींसाठी राखीव. अशा मुली दोनच. गुणांच्या यादीत स्वयंपाकीणबाईंची मुलगी चौथी आली आणि माझी तेरावी.

काकांनी नेहमीसारखी यादी केली. रजिस्टरात राखीव जागेचं पान पहिलं, म्हणून ते आधी भरायचं. त्यावर चौथीचं नाव टाकलं, उरलेल्या नऊ जागा नंबरानं भरल्या. माझी लेक बाहेर!

माझं डोकंच फिरलं. हातात बेडपॅन होतं, ते तसंच घेऊन ऑफिसात शिरले. रिकामं होतं हो! दहा खुर्च्या ओळीनं मांडल्या आणि शेवटच्या खुर्चीवर ते ठेवलं.

"ही राखीव," मी म्हटलं. "काका, चौथी आलेली पोरगी स्वतःच्या मार्कांवर बसतेय ना?"

"बसतेय."

"मग तिला उचलून इथे कशाला कोंबता? आधी नऊ साध्या खुर्च्या नंबरानं भरा. मग बघा, राखीव कुणाला लागते ते."

काकांनी नियमावली पालथी घातली. आधी कुठली जागा भरायची, याबद्दल एक अक्षर नाही! मग पट्टी धरून त्यांनी दुसरी यादी केली. पहिल्या नऊ जणी, त्यात चौथी आलीच. राखीव जागेवर तेरावी. बाहेर गेली दहावी.

आणि ही दहावी कोण? काकांची सख्खी भाची! आई-लेक दोघी काकांच्याच घरात राहतात.

"आली का पंचाईत?" मी म्हटलं खरं, पण डोळे त्या कागदावरच. त्यांनी तो कागद फाडला असता तर मी काय करणार होते?

काकांनी दोन्ही याद्या शाळेच्या प्रमुख मेट्रनबाईंपुढे ठेवल्या, भाचीचंही सांगितलं. मेट्रनबाईंनी दुसऱ्या यादीवर सही ठोकली.

तेव्हापासून काकांच्या बहिणीनं अबोला धरलाय, घरी चहासुद्धा मिळत नाही. काका रोज माझ्या वॉर्डात येऊन पाणचट चहा पितात.

काल ते एक जुनं रजिस्टर बगलेत मारून आले. एकवीस वर्षांपूर्वीचं पान उघडून एका नावाखाली पट्टी धरली. तेव्हाही कामगारांच्या दोनच मुली होत्या. पाचवी राखीव जागेवर आत, बारावी बाहेर. बारावं नाव माझं होतं. माझी आई तेव्हा इथे झाडू मारायची.

"मीच भरलं होतं हे पान," काका म्हणाले. त्यांनी नावाखालची पट्टी पुन्हा सरळ केली.

मी त्यांच्या पुढ्यातला कप उचलला आणि चहा बेसिनमध्ये ओतला. बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिले. मग दुसरा करून दिला. दाट, पण बिनसाखरेचा.