रंभाबाईनं साठवलेला डेटा

धानोऱ्यात माझं रिचार्जचं दुकान आहे. प्लान कंपनी ठरवते, शिव्या मी खातो. महिना अठ्ठावीस दिवसांचा. रोजचा डेटा रोजच संपवायचा, उरला तर रात्री बाराला गडप. पैसे आधी घ्यायचे आणि उरलेला मालही आपणच ठेवायचा, हे कंपनीनं केलं तर त्याला प्लान म्हणतात. मी केलं असतं तर लोकांनी दुकान फोडलं असतं.

पैशांवरून माझ्याशी सगळ्यात जास्त भांडली ती रंभाबाई. आत जंगलातल्या एका गावच्या ग्रामसभेची ती अध्यक्ष. त्यांच्या गावात नेटवर्क नाही, ते मिळतं फक्त शेजारच्या टेकडीवर.

"मी हप्त्यातून एकडाव टेकडीवर जातो, श्रीहरीभाऊ. मंग बाकीच्या दिवसाचे पैसे काऊन देऊ?"

मी भिंतीवरच्या कंपनीच्या पोस्टरकडे बोट दाखवलं.

यंदा ग्रामसभेनं बिडीसाठी जाणाऱ्या तेंदूपत्त्याचा लिलाव फोनवर, व्हिडिओ लावून करायचं ठरवलं. लांबचे व्यापारी बोलीत आले तर भाव मिळेल. नाही जमलं तर तेंदूपत्ता नेहमीच्या ठेकेदाराकडे, तो म्हणेल त्या भावात. गावानं भर उन्हात पानं तोडायची आणि भाव त्यानं सांगायचा, हे रंभाबाईला आता सहन होत नव्हतं.

म्हणून तिनं आठवडाभर आधीच फोनचा डेटा बंद करून ठेवला. घरोघरी मोहफूल वाळवून बांबूच्या ढोलीत भरतात आणि वर्षभर पुरवतात, तसा तिनं डेटा भरायला घेतला. मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि रात्री बाराची भानगड तिला ठाऊक नव्हती.

लिलावाच्या दिवशी तिनं मला मदतीला बोलावलं. टेकडीवर अख्खं गाव जमलं होतं. डेटा सुरू केला आणि आठवडाभर उपाशी ठेवलेला फोन भुकेल्या पाहुण्यासारखा जेवायला बसला. अडलेले व्हिडिओ, अपडेट, सगळं त्यानं घशात घातलं. मला हे दिसलं तेव्हा बोली सुरू झाली होती. ठेकेदारही बोलीत होता. तो मुद्दाम वेळ काढत होता, कारण जंगलातला फोन किती टिकतो हे त्याला पक्कं ठाऊक. भाव चढायला लागला आणि चित्र गोठलं. आजचा डेटा संपला, असा मेसेज आला.

"अन् हप्ताभराचा कुठी गेला?" रंभाबाई माझ्यावरच ओरडली.

"तो साठत नाई, बाई. रोज रातीले जाते."

तिनं कंपनीला अशी काही शिवी हासडली की पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. मी टॉप-अप मारायला गेलो, तर कंपनीचं ॲप नुसतं गरगर फिरत राहिलं.

रंभाबाई मात्र गावाकडे वळली. "धानाच्या रोवण्याले काय करतो आपन? एकाची बांधी झाली का दुसऱ्याच्या बांधीत जातो. तसंच करा. इसरू, पयले तुया डेटा दे. तुया सरला का पत्रूचा. मंग मयुरीचा."

हॉटस्पॉट म्हणजे काय ते पोरांना सांगावं लागलं नाही. इसरूनं फोन तिच्या फोनजवळ धरला आणि व्यापारी परत दिसायला लागले. त्याचा संपत आला तसा पत्रू पुढे सरकला. मागे बायामाणसं फोन हातात घेऊन ओळीनं उभी, रोवणीला चिखलात उभी राहतात तशीच. सावडीत, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या शेतात राबताना, कुणाचे गडी किती ते मोजत नाहीत. मीही माझा फोन काढला आणि ओळीच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.

बोली चढत गेली. सिरोंच्याकडच्या एका व्यापाऱ्यानं असा भाव दिला की म्हाताऱ्यांनी तो पुन्हा विचारून घेतला. लिलाव त्याच्या नावावर झाला.

पडद्यावर ठेकेदार वैतागला होता. "बाई, एवढा वेळ फोन चालून राह्यला. कोनता प्लान आहे जी तुमच्याकडे?"

रंभाबाईनं फोन उलटा फिरवला आणि टेकडीवरची सगळी ओळ त्याला हळूहळू दाखवली.

"हा आहे," ती म्हणाली. "याची व्हॅलिडिटी संपत नाई."