चार वाजताचा डबा

बायकोची तेरवी झाली आणि पोरगा पुण्याला निघाला. निघायच्या आधी त्यानं माझ्या मोबाइलमध्ये लुडो टाकून दिला. म्हणाला, "आबा, रोज चार वाजता डाव मांडू. मी ऑफिसातून, तुमी घरून. एकटं वाटनार नाही तुमाले."

"मले कुठं जमते बे ते?"

"अष्टाचंगा जमते ना? तसंच हाय. चिंचोक्याच्या जागी फासा."

अष्टाचंगा म्हणजे माझा आणि तिचा खेळ. दुपारची जेवणं झाली की ती ओट्यावर खडूनं पट आखायची. मी तिची सोंगटी मारली की चिंचोके फेकून म्हणायची, "मानूस हाय का कसाई?" जन्मभर रोज ऐकलं.

मी चौथी शिकलेला. अक्षर लावायला वेळ लागतो, पण सोंगट्या ओळखीच्या. चारच्या आत हातपाय धुवायचे, चष्मा पुसायचा, खाटेवर बसायचं. ती गेल्यावर अख्ख्या दिवसात वाट पाहायला तेवढंच उरलं होतं.

दोन-तीन फासे पडले की पोराच्या नावाजवळ एक लहान चौकोनी चित्र यायचं, वर कडी असल्यासारखं. मी समजलो, डबा. ऑफिसात त्याला जेवायला चार वाजत असतील, डबा उघडला की चित्र येत असेल. मी इकडं मोठ्यानं म्हणायचो, "जेव बाप्पा आधी, मंग चाल." तरी तो लगेच चालायचा. पोरगं घास टाकून बापासाठी खेळते, असं वाटून एकदा डोळे भरून आले.

एकच खटकायचं. त्याची सोंगटी मारली तरी तो गप. आईवर गेलेलं पोरगं, आणि एक शिवी नाही. संध्याकाळी मेसेज मात्र हमखास यायचा, "मस्त खेळले आबा आज."

वर्षश्राद्धाला सून चार दिवस आधी आली. तो मागून येणार होता. चारला डाव सुरू झाला, चित्र आलं. मी तिला म्हटलं, "तू त इकडं. मंग आज डबा कोनं देला त्याले?"

तिनं फोनात पाहिलं आणि हसली. "डबा नाही आबा, ते मशीन हाय. मानूस खेळातून उठला का त्याच्या जागी ते खेळते." आणि जीभ चावली.

"रोजच उठते का तो?"

"सुरू करून देतात ना ते. मीटिंगा राह्यतात त्याईले."

म्हणजे वर्षभर मी मशीनला जेव जेव करत होतो. वेळ नाही म्हणाला असता, तर मी एक शब्द बोललो नसतो. बापाला मशीनजवळ बसवून तो निघून गेला, आणि वरून रोज संध्याकाळी शाबासकी.

सुनेला म्हटलं, "त्याले सांगू नोको."

दुसऱ्या दिवशी चारला डाव मांडला, दोन फासे टाकले आणि फोन खाटेवर ठेवून वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडायला गेलो. परत येऊन पाहतो, तर दोन्ही नावांजवळ डबे. एकमेकांच्या सोंगट्या मारत होते, गुपचूप.

संध्याकाळी मेसेज आला, "काय खेळले आबा आज! हरवलंच मले."

एकेक अक्षर लावत मी लिहिलं, "मानूस हाय का कसाई?"

फोन लगेच वाजला. वाजू दिला.