थडग्यात घेतलेलं नाव

परवाच इजिप्तहून तंजावरला परतले... गुडघे अजून तिकडेच आहेत. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आणि नात जानकी टाइप करते. चूक दिसली तर तिची, गंमत वाटली तर माझी.

आमच्या भजन मंडळाची काशीयात्रा झाली, रामेश्वर झालं. या वर्षी पद्माअक्का म्हणाली, जगातली जुनी देवळं बघू या, देव सगळीकडे एकच. मग काय, इडलीपोडीच्या कोरड्या चटणीचे डबे बांधले आणि निघालो.

आम्ही मोठ्या देवळाच्या गावची माणसं, नुसता उंच दगड बघून भुलणारी नव्हे. पण ससाण्याच्या तोंडाचा देव दिसला आणि माझे हात आपोआप जोडले गेले... आमच्या गरुडाचा हा कोण लागतो, ते मात्र कुणी सांगेना.

मग एका राजाचं थडगं. पद्माअक्का दारातच थबकली. "आत शिरलं की आंघोळ आली. इथे पाणी कुठलं?"

"अगं, हजारो वर्षांपूर्वी गेलेल्याचं सुतक आपल्याला कसलं?" मी म्हटलं. ती बाहेरच बसली. मी जानकीचा हात धरून उतरले.

आत भिंतभर चित्रं... बैल, नांगर, बदकं. रंग असे की कालच दिले असावेत. तिथल्या गाइड मुलीने चित्राक्षरांभोवतीचा एक लांबट वेढा दाखवला आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

जानकीने सांगितलं, "आजी, त्या वेढ्यात राजाचं नाव आहे. मेलेल्याचं नाव कुणी मोठ्याने घेतलं की तो पुन्हा जगतो, असं हे लोक मानायचे."

मी त्या वेढ्यापुढून हलेना. जानकीला वाटलं, दम लागला...

तसं नव्हतं. मी आमच्या ह्यांचं नाव जन्मात कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्याच्या वेळी तर पदर तोंडाला लावून पळाले होते. हे रोज सकाळी चिडवायचे, "एकदा तरी नाव घे की गं!" मी टंबलर पुढे करायचे. "आधी कॉफी घ्या. नाव पुढच्या जन्मी घेईन."

हे गेले, तेव्हाही तोंडून "अहो"च निघालं.

आणि इथे तर अख्खी भिंत पुढच्या जन्माच्या तयारीत उभी!

मग घेतलं... चांगलं खणखणीत. "रघोत्तमराव!"

सगळी रांग वळून बघायला लागली. गाइड मुलगी हसून म्हणाली, राजाचं नाव वेगळं आहे. मी जानकीला म्हटलं, "सांग तिला, तिचा राजा वेगळा, माझा वेगळा."

देव त्या मुलीचं भलं करो. देवळोदेवळी मागत फिरले ती ह्यांची एक भेट मला तिने थडग्यातच देऊन टाकली.

आत्ता ह्यांच्या फोटोपुढे टंबलर ठेवलाय. तुम्हाला सगळ्यांना वाचता येतं ना? मग ते नाव एकदा मोठ्याने वाचा...

कॉफी गार होतेय.